कोणत्या उपचारांचा खर्च उचलायचा? न्याय्य निवडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शासकीय आरोग्य योजना असो किंवा विमा, प्रत्येक ठिकाणी कुठेतरी एक यादी असते आणि त्या यादीबाहेर राहिलेले रुग्णही असतात. ही यादी कोण ठरवते, कशाच्या आधारावर ठरवते आणि ती न्याय्य आहे हे कसे ओळखायचे, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

सर्वच उपचारांचा खर्च सामायिक निधीतून का दिला जात नाही?

निधी करांतून उभा राहिलेला असो वा विमाधारकांच्या हप्त्यांतून, त्याला मर्यादा असते. वैद्यकशास्त्राला जे करता येते त्याची यादी मात्र दरवर्षी लांबत जाते. एका महागड्या औषधासाठी बाजूला काढलेली रक्कम दुसऱ्या कशावर तरी खर्च होणार होती. कदाचित प्रसूतिगृहातील परिचारिकांवर, कदाचित लसीकरणावर, कदाचित मानसिक आजारांच्या उपचारांवर. ज्यांच्या वाट्याचे ते पैसे होते त्यांना आपल्याला काही नाकारले गेले याची कल्पनाही नसते, आणि हा विषय अवघड होतो तो नेमका त्यामुळे. ‘हो’ ज्याला मिळतो तो डोळ्यांसमोर असतो, त्या ‘हो’ची किंमत मोजणारा दिसत नाही.

डॉक्टरांनी उपचार आवश्यक आहे असे लिहून दिल्यावर प्रश्न तिथेच का मिटत नाही?

डॉक्टरांची बांधिलकी समोर बसलेल्या रुग्णाशी असते आणि ती तशीच असावी. रुग्णाच्या उशाशी उभे राहून सार्वजनिक निधीचा हिशेब करणाऱ्या डॉक्टरवर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणूनच हा हिशेब रुग्णशय्येपासून दूर, आधीच, आणि त्या आजाराच्या सर्व रुग्णांना सारखा लागू होईल अशा नियमाच्या रूपात व्हावा लागतो. शिवाय ‘आवश्यक’ हा शब्द दिसतो तितका नेमका नाही. ज्याच्याविना जीव जाईल ते आवश्यक, ज्याने वेदना कमी होतील तेही आवश्यक, आणि दुसरे काहीच उरले नसताना ज्याचा थोडासा उपयोग होण्याची आशा आहे तेसुद्धा आवश्यकच म्हटले जाते. या तिन्हींसाठी समाजाने सारखीच तयारी ठेवावी का, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही.

सुजाण माणसांची एक समिती नेमून प्रत्येक रुग्णाचा निर्णय तिच्यावर सोपवला तर?

हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याचा धडा आजही ताजा आहे. १९६० मध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिनीला कायम जोडून ठेवता येणारी नळी तयार केली आणि किडनी निकामी झालेल्या माणसाला दीर्घकाळ डायलिसिसवर जगवणे शक्य झाले. अमेरिकेतील सिॲटल शहरात १९६२ मध्ये सुरू झालेल्या केंद्रात यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ अशी स्थिती होती. तेव्हा सात नागरिकांची एक समिती नेमण्यात आली, जिच्या सदस्यांची नावे गुप्त ठेवली गेली. वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलेल्या रुग्णांपैकी कोणाला डायलिसिस द्यायचे हे ती ठरवी, आणि ठरवताना वय, वैवाहिक स्थिती, अवलंबून असलेली मुले, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय, समाजातील वागणूक या सगळ्यांचा विचार करी.

ही माणसे दुष्ट नव्हती; त्यांच्यापुढचे काम भयंकर होते. पण या पद्धतीत माणसाच्या आजाराऐवजी माणसाचीच लायकी मोजली जात होती, आणि मोजणारे साहजिकच आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्यासारखे जगणाऱ्या लोकांना झुकते माप देत होते. एका नियतकालिकातून ही हकीकत बाहेर आल्यावर मोठी खळबळ उडाली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी कायदेमंडळाने जवळपास सर्वच किडनीरुग्णांच्या डायलिसिसचा खर्च शासकीय विम्यात घेतला. एका आजारापुरता प्रश्न सुटला, इतर आजारांचा तसाच राहिला. तेव्हापासून एक गोष्ट मात्र बहुतेकांनी मान्य केली आहे, ती म्हणजे निवड उपचारांची व्हावी, माणसांच्या योग्यतेची होऊ नये.

उपचाराचा लाभ मोजण्यासाठी ‘क्वाली’ हे माप वापरतात. ते नेमके काय आहे?

उपचाराने आयुष्य किती वाढते आणि त्या आयुष्याचा दर्जा कसा राहतो, या दोन्ही गोष्टी एका आकड्यात आणण्याची ही रीत आहे. पूर्ण निरोगी अवस्थेतील एक वर्ष म्हणजे एक क्वाली; आजारामुळे दर्जा निम्म्यावर आला असेल तर तेच वर्ष अर्धे धरले जाते. समजा एखादे नवे औषध जुन्या औषधापेक्षा २४,००० पौंडांनी महाग आहे आणि त्याने चार वर्षे अधिक मिळतात, पण त्या वर्षांचा दर्जा ०.५ आहे. म्हणजे लाभ दोन क्वालींचा झाला आणि प्रत्येक क्वालीमागे १२,००० पौंड खर्च आला.

इंग्लंडमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या, औषधे आणि उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने दीर्घकाळ २०,००० ते ३०,००० पौंड प्रति क्वाली ही मर्यादा वापरली. त्या मर्यादेत बसणारे औषध सहसा स्वीकारले जाई, त्यापलीकडच्या औषधासाठी वेगळे सबळ कारण द्यावे लागे. या मापाचा मोठा गुण असा की कोणाचाही लाभ हा कोणाच्याही लाभाइतकाच मोजला जातो. श्रीमंताचे निरोगी वर्ष आणि गरिबाचे निरोगी वर्ष सारखे धरले जाते. ज्यांना हे माप निर्दय वाटते त्यांनी या गुणाकडे दुर्लक्ष करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

मग हिशेब करून यादी लावली की काम झाले, असे का म्हणता येत नाही?

कारण तसे करून पाहिल्यावर काय झाले ते अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या उदाहरणातून दिसते. तेथील कायदेमंडळाने १९८७ मध्ये गरिबांच्या आरोग्य योजनेतून अवयव प्रत्यारोपण वगळले आणि तो पैसा अधिक लोकांच्या मूलभूत उपचारांकडे वळवला. त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाविना दगावला आणि देशभर संताप उसळला. त्यानंतर राज्याने ठरवले की निवड करायचीच तर ती उघडपणे करावी. १९८९ मध्ये कायदा झाला, आयोग नेमला गेला, गावोगावी सभा झाल्या, दूरध्वनीवरून लोकांची मते घेतली गेली, आणि आजार व त्यावरचा उपचार अशा जोड्यांची क्रमवार यादी बनवायला घेतली.

१९९० मध्ये खर्च आणि लाभ यांच्या गुणोत्तरावर लावलेली पहिली यादी बाहेर आली तेव्हा दाताच्या उपचाराचा एक किरकोळ प्रकार त्यात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर होता. गणितात चूक नव्हती. दाताचा उपचार इतका स्वस्त की थोड्याशा लाभानेही गुणोत्तर चांगले येई. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया महाग, पण ती न केल्यास माणूस मरू शकतो. थोडे थोडे सुख पुष्कळांना देणे आणि एकाचा जीव वाचवणे यांची बेरीज एकाच वहीत मांडली की हे असे होते. आयोगाने ती यादी मागे घेतली, उपचारांचे गट पाडले, जीव वाचवणारे उपचार वर आणले आणि स्वतःच्या विवेकाने अनेक ओळी वर-खाली हलवल्या. १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यादीत ६९६ ओळी होत्या आणि पहिल्या ५६५ ओळींपर्यंतचा खर्च दिला जात होता. ओळ कुठे ओढली आहे हे प्रत्येकाला दिसत होते. माझ्या मते ओरेगॉनची खरी कमाई तीच; क्रम कितीही वादग्रस्त असला तरी तो लपवलेला नव्हता.

खर्च आणि लाभ यांखेरीज आणखी कशाचा विचार व्हायला हवा?

सर्वप्रथम आजाराच्या तीव्रतेचा. दोन उपचारांचा लाभ सारखाच असला, तरी जो आधीच सर्वांत वाईट अवस्थेत आहे त्याला आधी हात द्यावा, ही भावना जवळजवळ सगळीकडे आढळते. नॉर्वेने १९८७ पासून तीव्रतेला महत्त्वाचे स्थान दिले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये मान्य केलेल्या तत्त्वांत मानवी प्रतिष्ठा पहिली, गरज आणि एकोपा दुसरे, आणि खर्चाची परिणामकारकता तिसरी आहे, आणि हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. नेदरलँड्समध्ये आजार जितका गंभीर तितकी खर्चाची मर्यादा वर सरकते: २०,००० युरो, ५०,००० युरो, ८०,००० युरो. इंग्लंडमध्येही २०२२ पासून गंभीर आजारांतील लाभाला १.२ किंवा १.७ पट वजन देता येते.

दुसरा विचार आर्थिक संरक्षणाचा. काही उपचार असे असतात की त्यांच्या खर्चाने कुटुंब कायमचे कर्जात बुडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालात खर्चाची परिणामकारकता आणि अधिक हलाखीत असलेल्यांना प्राधान्य यांच्या जोडीला हा निकषही ठेवलेला आहे. केवळ आरोग्याचा लाभ मोजणाऱ्या आकड्यात हे नुकसान दिसत नाही.

क्वालीचे माप अपंग व्यक्तींवर अन्याय करते का?

करू शकते. चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा दर्जा कोष्टकात ०.६ धरला असेल, तर त्याचे आयुष्य दहा वर्षांनी वाढवणारा उपचार सहाच क्वालींचा ठरतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत तोच उपचार दहाचा. हे आकडे बहुधा सर्वसामान्य लोकांना विचारून काढलेले असतात. आणि ज्यांनी अपंगत्व अनुभवलेले नाही ते अपंग आयुष्याला प्रत्यक्ष जगणाऱ्यांपेक्षा कमी गुण देतात, असे पुन्हा पुन्हा आढळले आहे. ओरेगॉनच्या योजनेला १९९२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने परवानगी नाकारली ती अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा आधार घेऊनच. २०१० च्या अमेरिकी आरोग्य कायद्यानेही वृद्धांच्या शासकीय विम्यात प्रति क्वाली खर्चाची मर्यादा लावून उपचार नाकारण्यास मनाई केली.

याची दुसरी बाजूही आहे. मूल्यमापन संस्था साधारणपणे दोन रुग्णांची तुलना करत नाहीत, एकाच आजारावरच्या दोन उपचारांची करतात, त्यामुळे वरच्या उदाहरणासारखी थेट निवड क्वचितच होते. तरीही कायम अपंगत्व आणणाऱ्या आजारांवरील आयुष्य वाढवणारी औषधे या मापात मागे पडतात हे खरे आहे. वाढलेल्या प्रत्येक वर्षाला सर्वांसाठी सारखेच वजन देण्याचा उपाय सुचवला गेला आहे आणि निदान पडताळणीसाठी तरी तो हिशेब शेजारी मांडला जावा.

वयाचा विचार करणे योग्य आहे का?

या प्रश्नावर प्रामाणिक माणसांत मतभेद आहेत. ॲलन विल्यम्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये असे मांडले की प्रत्येकाला आयुष्याची एक रास्त खेळी मिळायला हवी आणि ती न मिळालेल्या तरुणाला, ती खेळून झालेल्या वृद्धापेक्षा प्राधान्य द्यावे. ते स्वतः तेव्हा सत्तरीला टेकले होते. स्वीडनच्या तत्त्वांना हे मान्य नाही. तेथे शरीराला उपचार सोसेल का हे पाहता येते, पण जन्मतारीख पाहून नकार देता येत नाही. मला स्वीडनची भूमिका अधिक पटते, कारण वयाची सरळ रेघ ओढणे सोपे असल्यामुळेच ती जिथे ओढायला नको तिथेही ओढली जाते.

आजार स्वतःच्या सवयींमुळे झाला असेल तर?

तो निकष वापरू नये. व्यसनाची सुरुवात बहुधा कोवळ्या वयात, गरिबीत किंवा दुःखात होते, आणि कोणत्या आजारात दोष शोधायचा हे ठरवताना समाजाचे पूर्वग्रहच बोलतात. दारू पिणाऱ्याला बोल लावला जातो, डोंगर चढताना पाय मोडणाऱ्याला नाही. उपचाराचा उपयोग होईल की नाही यावर सवयीचा परिणाम होत असेल तर तेवढ्यापुरता विचार वैद्यकीय कारण म्हणून व्हावा, शिक्षा म्हणून होऊ नये.

औषध परिणामकारक आहे, पण ते सर्वांना देणे परवडतच नाही, अशा वेळी काय करावे?

हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावरील सोफोसबुविर हे औषध डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. औषध खरोखर उत्तम होते. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होत. पण रुग्णसंख्या इतकी मोठी होती की अनेक राज्यांच्या गरिबांसाठीच्या योजनांनी यकृत बरेच खराब झाल्यावरच औषध देण्याचे ठरवले आणि काहींनी दारू व अमली पदार्थ सोडल्याचा पुरावा मागितला. बरा होऊ शकणारा आजार बळावण्याची वाट पाहायला लावणे ही रांगेची सर्वांत वाईट पद्धत म्हणावी लागेल.

अशा वेळी नकार रुग्णाकडे वळवण्याआधी तो किमतीकडे वळवला पाहिजे. किंमत निसर्गाने ठरवलेली नसते. ती वाटाघाटीत ठरते, आणि अनेक देशांनी एकत्रित खरेदी, ठरावीक रकमेचे करार किंवा जेनेरिक औषधे यांच्या बळावर ती खाली आणली आहे. दुर्मीळ आजारांच्या औषधांनाही हेच लागू पडते. मोजक्या रुग्णांमुळे संशोधनाचा खर्च वसूल होत नाही, हे कारण काही अंशी खरे आहे आणि म्हणून तिथे मर्यादा शिथिल करणे समजण्यासारखे आहे. पण ‘दुर्मीळ’ हा शब्द उच्चारताच सगळे प्रश्न थांबावेत, हे इतर रुग्णांवर अन्यायाचे होईल.

पुरावा अपुरा असताना, निदान शेवटची संधी म्हणून तरी उपचार का देऊ नये?

ही विनवणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिची ताकद माहीत असते. नाव आणि चेहरा समोर असलेल्या माणसाला वाचवण्यासाठी आपण वाटेल ते करायला तयार होतो. या वृत्तीला नीतिविचारक अल्बर्ट जॉन्सन यांनी १९८६ मध्ये ‘सुटकेचा नियम’ असे नाव दिले. ही वृत्ती गेली तर समाज कोरडा होईल. पण तिच्या भरवशावर धोरण आखले तर काय होते, हे स्तनांच्या कर्करोगाच्या एका उपचाराने दाखवून दिले आहे.

केमोथेरपीचे अतितीव्र डोस आणि त्यानंतर रुग्णाच्याच अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण, असा तो उपचार होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील विमा कंपन्या तो प्रायोगिक म्हणून नाकारत. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने असा नकार मिळालेल्या महिलेच्या कुटुंबाला ८.९ कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला, काही राज्यांनी कायदेच केले, आणि कंपन्यांनी माघार घेतली. हजारो महिलांनी तो अत्यंत वेदनादायक उपचार घेतला. सर्वांना तो सहज मिळू लागल्याने शास्त्रीय चाचण्यांत भाग घ्यायला रुग्ण मिळेनात, आणि उत्तर मिळायला वर्षे लागली. १९९९ मध्ये चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा अधिक लाभ नसल्याचे दिसले. लाभ दाखवणाऱ्या एका चाचणीची माहिती बनावट निघाली. त्या महिलांना ‘हो’ म्हटले गेले होते, पण त्यांच्या हाती आल्या त्या यातनाच.

पुरावा अपुरा असेल तिथे मधला मार्ग आहे: चाचणीत सहभागी होण्याच्या अटीवर खर्च द्यावा, मुदत ठरवावी आणि निष्कर्ष आल्यावर पुन्हा विचार करावा.

न्यायालयाने असे निर्णय द्यावेत का?

न्यायालयापुढे एकच रुग्ण उभा असतो, रांगेतले बाकीचे नसतात, हा आक्षेप रास्त आहे. तरी दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. १९९७ मध्ये दरबानच्या एका सरकारी रुग्णालयाने डायलिसिस नाकारलेल्या रुग्णाची याचिका न्यायालयाने फेटाळली, कारण साधने खरोखरच अपुरी होती आणि रुग्णालयाचे निकष विचारपूर्वक ठरवून सर्वांना सारखे लावलेले होते. तो रुग्ण थोड्याच दिवसांत मरण पावला. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भवतींकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे नेव्हिरापिन हे औषध मोजक्याच केंद्रांपुरते ठेवण्याचे सरकारचे धोरण रद्द केले. औषध स्वस्त होते, उपयोगी होते आणि ते रोखण्याची कारणे टिकणारी नव्हती. न्यायालयाने दोन्ही वेळा उपचार निवडला नाही, नकारामागचे कारण तपासले. न्यायालयांनी एवढे जरूर करावे.

निर्णयाची प्रक्रिया न्याय्य आहे हे कसे ओळखावे?

तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स आणि मनोविकारतज्ज्ञ जेम्स सेबिन यांनी १९९७ मध्ये चार अटी मांडल्या आणि जगभर त्यांचा आधार घेतला जातो. निर्णय आणि त्यामागची कारणे जाहीर असावीत. ती कारणे अशी असावीत की त्यांचा फटका बसणाऱ्यालाही ती विषयाला धरून आहेत एवढे मान्य व्हावे. निर्णयाला आव्हान देण्याची आणि नव्या माहितीवर तो बदलण्याची सोय असावी. आणि या तिन्ही गोष्टी खरोखर होतात की नाही हे पाहणारे कोणीतरी असावे. कागदावर पहिल्या तीन अटी पाळणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, चौथीपाशी बहुतेक अडतात. समितीतील तज्ज्ञांचे औषध कंपन्यांशी असलेले हितसंबंध जाहीर होणे आणि त्या आजाराच्या रुग्णांना बोलू देणे, या दोन गोष्टी मी या अटींत आवर्जून जोडीन.

कोणताही उपचार औपचारिकपणे न वगळणारी योजना अधिक न्याय्य नाही का?

बहुधा ती अधिक अन्यायकारक असते. यादी नसते तिथे निवड गुपचूप होते. कुठे रांग महिनोन्‌महिने लांबते, कुठे रुग्णाने भरायचा वाटा वाढवला जातो, कुठे पूर्वपरवानगीचे अर्ज इतके किचकट असतात की थकलेली माणसे नाद सोडतात. या चाळणीतून पार होतो तो शिकलेला, ओळखी असलेला, पाठपुरावा करू शकणारा माणूस. नकार मिळतोच, फक्त तो कोणी दिला हे कळत नाही आणि म्हणून दादही मागता येत नाही.

माझा उपचार नाकारला गेला तर मी काय विचारावे?

कारण लेखी मागावे आणि कोणत्या नियमाच्या आधारे नकार दिला ते नेमके विचारावे. नकार पुराव्याअभावी आहे, खर्चामुळे आहे, की आपल्या स्थितीला हा उपचार लागू पडत नाही म्हणून आहे, हे समजले तरच पुढचे पाऊल ठरवता येते. पुराव्याचा मुद्दा असेल तर डॉक्टरांचे सविस्तर पत्र आणि नवे संशोधन उपयोगी पडते. आपली स्थिती चुकीच्या गटात टाकली असेल तर कागदपत्रे पुरेशी ठरतात. नकार देणाऱ्याने स्वतःच अपील ऐकू नये. अपिलाची मुदत पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी, कारण अनेकांची संधी केवळ मुदत उलटल्याने जाते.

एकदा वगळलेला उपचार पुढे समाविष्ट होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि थायलंड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. २००२ मध्ये तेथे सर्व नागरिकांसाठी आरोग्य योजना आली तेव्हा खर्च फार असल्याने डायलिसिस वगळले होते. खर्च आणि लाभाचा अभ्यास झाला तेव्हाही डायलिसिस ठरलेल्या मर्यादेत बसले नाही. पण त्या खर्चापायी कुटुंबे उद्ध्वस्त होत होती, रुग्णांच्या संघटना हे सतत मांडत होत्या, आणि त्याच योजनेबाहेरच्या सरकारी नोकरांना मात्र डायलिसिस मिळत होते. अखेर २००८ मध्ये, घरच्या घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य देऊन, ते योजनेत घेतले गेले. यंत्रावरचे डायलिसिस की पोटाचे, ही निवड डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाने करावी, अशी मुभा २०२२ मध्ये मिळाली.